पावसाळ्यात परसातल्या कोंबड्या: ओल, चिखल आणि खुराड्यातली हवा (पुणे-मुळशी परिसर)

परसदार

मृग लागला की विचारपूस सुरू होते. खुराड्याला कुठली ताडपत्री लावू, कोंबड्यांना गारठा बाधेल का, रात्री बल्ब लावू का. गारठ्याची काळजी करणारे खूप, ओलीची करणारे फार थोडे. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी परसात कोंबड्या ठेवून पावसाळे काढलेत त्यांनी इथे भर घालावी.

आम्ही पिरंगुटच्या पुढे मुळशीच्या अंगाला राहतो. कोंबड्या वीसच्या आत-बाहेर: बहुतेक गावरान, थोड्या गिरिराज, दोन-तीन ऱ्होड आयलंड रेड. पुण्यातला पाऊस म्हणून कुणी सरसकट सल्ला देऊ लागलं तर आधी कुठल्या पुण्यातला ते विचारा. शिवाजीनगरला वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पडतो. २०२४च्या जुलैत, ज्या दिवशी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, त्याच २४ तासांत इकडे मुळशीतल्या ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर नोंदला गेला. हडपसरला जे खुराडं चार महिने कोरडं राहतं, ते पौडच्या पुढे आठवडाभरही टिकत नाही.

दुसरी गोष्ट, परदेशी व्हिडिओंची. इंग्लंडकडे चिखल हिवाळ्यात होतो. पाऊस आणि थंडी एकदम येतात, त्यामुळे ते लोक कोंबडी गारठू नये म्हणून धडपडतात आणि त्यांच्या हवेला ते बरोबरच आहे. आपला हिवाळा कोरडा. चिखल होतो तो जून ते सप्टेंबर, २३ ते २८ अंशांच्या दमट हवेत. या उबेत रोगाचे जंतू वाढतात, बुरशी धरते, डास होतात. म्हणून तिकडचा उपाय उचलून इथे लावला की खुराडं उबदार होतं आणि आजार वाढतो.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. पिसं कोरडी असली तर पुण्याच्या पावसाळ्यातला गारवा तिला काहीच वाटत नाही. पिसं भिजून अंगाला चिकटली आणि वर वारा लागला, की मात्र ती काकडते. पिल्लांचं वेगळं. पहिले तीन-चार आठवडे त्यांना ऊब लागतेच, तिथे बल्ब हवा. मोठ्या कोंबडीला बल्ब नको, कोरडी जमीन हवी.

आता चिखलाचं. चिखल झाल्यावर त्यावर काहीतरी टाकत बसणं हे न संपणारं काम आहे. पाणी खुराड्यापर्यंत येण्याआधी वळवायचं. पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि पाणी कुठून येतं ते बघा. आमच्याकडे ते दोन ठिकाणांहून यायचं. एक, चढाच्या बाजूने. तिथे खुराड्याच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढून तो कुंपणाबाहेर सोडला. दोन, पागोळ्या. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पत्र्यावरचं सगळं पाणी वळचणीखाली एकाच रेषेत पडतं, तिथे खड्डा होतो, आणि कोंबड्या नेमक्या त्याच ठिकाणी उकरायला जातात. पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ लावली आणि पाणी पिंपात घेतलं. दारासमोरचा निम्मा चिखल त्या एका पन्हळीने गेला.

खुराड्याचा जोता निदान फूट-दीड फूट उंच हवा. पत्रा भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी आला पाहिजे, त्यातही पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला जास्त, कारण आपल्याकडे पावसाची झड तिकडून येते.

आतली गादी. आम्ही भाताचा तूस वापरतो. मुळशी, मावळ, भोर हा इंद्रायणी भाताचा पट्टा, त्यामुळे भातगिरणीवर तूस सहज मिळतो. शहरातल्यांनी भवानी पेठेत टिंबर मार्केटला रंधा मारलेल्या लाकडाची सालपटं मिळतात का ते विचारावं. अगदी बारीक भुसा घेऊ नका, धुरळा होतो आणि पिल्लं तो खातात. प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा तर नकोच. जाडी पावसाळ्यात चार ते सहा इंच, आणि एक दिवसाआड पंजाने खालीवर करायची. गादीची परीक्षा अशी: मूठभर घेऊन दाबा. लाडू वळला तर ओल जास्त आहे. मूठ उघडल्यावर हळूहळू सुटली तर ठीक. पाण्याच्या भांड्याभोवतीची गादी सगळ्यात आधी बिघडते, तेवढीच खरवडून काढून नवी टाका. सगळी बदलायची गरज नसते.

आणि हवा. पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली खुराडी बघून. आत पाऊस येत नाही हे खरं. पण कोंबड्यांच्या श्वासाची वाफ, विष्ठेतली ओल, पाण्याची सांडलवंड हे सगळं बाहेर कुठून जाणार? पडदा खालच्या बाजूला पक्का करा, खालून वर ओढा, आणि वर फूट-दीड फूट कायम उघडं ठेवा, कितीही पाऊस असो. वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जाऊ दे, अंगावरून नको.

प्रश्न असतील तर विचारा. चुन्याबद्दल आणि दाण्याबद्दल जाणकारांनी लिहा, मला अजून ऐकायचंय.

नवी_तलंग

धागा अगदी वेळेवर आला दादा. आम्ही सूसला बंगल्याच्या मागच्या जागेत मार्चपासून नऊ कोंबड्या ठेवल्यात, शिवाय एक खुडूक होती तिच्याखाली अंडी ठेवली, त्यातून सहा पिल्लं निघाली. ती आता महिन्याची होतील. खुराडं तयार विकत घेतलंय, लाकडी, तिन्ही बाजूंनी ताडपत्री आहे. गेल्या आठवड्यापासून सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरतात इतका वास येतो. शेजारच्या आजी पण बोलल्या. सगळी गादी काढून टाकू का? की रोज चुना मारू? घरातले म्हणतात फिनेल टाक.

चिंचेखाली

वाचनखूण साठवली. पन्हळीला +१. भोरला आमच्या आत्याकडे गडी माणसं पागोळ्यांखाली दगडी चिपांची रांग लावायची. पाणी दगडावर पडलं की माती उडत नाही आणि भिंत पण खालून भिजत नाही. पन्हळ लावायला जमत नसेल त्यांनी निदान फुटक्या फरश्या टाकाव्यात.

नवी_तलंग, फिनेल अजिबात नको.

परसदार

नवी_तलंग, डोळे चुरचुरतात तो अमोनिया. विष्ठा ओली राहिली की तयार होतो. आपल्या नाकाला २०-२५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २०-२५ भाग) आसपास कळतो, म्हणजे आपल्याला कळेपर्यंत कोंबड्यांना तो त्रास द्यायला लागलेला असतो. शिवाय आपण उभं राहून वास घेतो, त्या रात्रभर जमिनीलगत असतात. गुडघ्यावर बसून त्यांच्या उंचीला नाक नेऊन बघा, खरी परिस्थिती तिथे कळेल. अमोनियाने डोळे सुजतात, श्वासनलिका सोलवटते, मग सर्दी-खोकल्याचे जंतू सहज घुसतात.

आजच्या आज करायचं ते एवढंच: ताडपत्री वरून दीड फूट खाली घ्या, म्हणजे वरचा भाग मोकळा होईल. पश्चिमेकडून झड येत असेल तर तिथे ताडपत्री पूर्ण उघडण्याऐवजी छज्जासारखी बाहेर ताणून बांधा, दोन बांबू लावून. गादीतला जो थर चिकट, काळपट झालाय तो खरवडून काढा. खाली कोरडा राहिलेला असेल तर राहू द्या. वर नवा तूस. पाण्याचं भांडं खाली ठेवलेलं असेल तर विटेवर ठेवा किंवा टांगा, भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आली पाहिजे. जमलं तर चोच लागली की थेंब सोडणारं निपल लावून घ्या, सांडणं जवळजवळ थांबतं.

रात्री खुराड्यात पक्ष्यामागे दोन-तीन चौरस फूट तरी जागा मिळतेय ना? तयार खुराड्यांवर दहा कोंबड्यांचं म्हणून लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात पाच मावतात.

काळीमाती

मांजरी-हडपसर बाजूच्या लोकांसाठी लिहितो. आमच्याकडे पाऊस कमी, पण माती काळी. मुळशीच्या तांबड्या मातीत आणि मुरमात पाणी निथळतं, काळ्या मातीत ते बसून राहतं. कोंबड्यांच्या पायाला मातीचे गोळे चिकटतात, नखांभोवती सुकून दगडासारखे होतात. ते ओढून काढू नका, नख निघून येतं. कोमट पाण्यात पाय बुडवून भिजवून काढा.

लोक सांगतात खडी टाका. काळ्या मातीवर नुसती खडी टाकली की एका पावसाळ्यात ती खाली जाते आणि पुढच्या वर्षी परत चिखल. आधी माती चार बोटं काढली, त्यावर खताची विणलेली प्लास्टिकची पोती धुऊन, उसवून, एकावर एक चढवून अंथरली. तागाची पोती घेऊ नका, कुजतात. त्यावर मुरूम टाकून चोपून घेतला, मध्यभागी उंच आणि कडेला उतार राहील असा. त्यावर बारीक खडी. सगळ्यात वर झाडांच्या छाटणीचा चुरा, चांगला जाड. उकरायला तोच आवडतो त्यांना. टोकदार मोठी खडी वर उघडी ठेवू नका, तळव्याला कापलं की त्यातून गाठ होते, पू धरतो, कोंबडी लंगडते.

एवढं सगळं करायला जागा मोठी असेल तर परवडत नाही. म्हणून दाराजवळची आणि दाण्या-पाण्याची जागा एवढीच अशी करा. बाकीचं अंगण दोन भागांत वाटून एक भाग बंद ठेवा, पंधरा दिवसांनी बदला. एकच जागा सतत तुडवली गेली की तिथे गवताचं पातंही राहत नाही आणि मग चिखल होणारच.

मावळवारा

आमच्या कामशेतच्या घरी जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर माच्यासारखं खुराडं आहे. तळाला बांबूच्या कामट्या, मध्ये बोटभर फट. विष्ठा खाली पडते, ती रोज ओढून घेतो. आत गादीच नाही, त्यामुळे ओल नाही. खालच्या कोरड्या जागेत पाऊस चालू असताना कोंबड्या येऊन बसतात. जास्त पावसाच्या पट्ट्यात मला हेच पटतं. कामट्यांच्या धारा मात्र नीट घासून घ्याव्या लागतात. चढण्यासाठी फळी लावली तर तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोका, ओल्या फळीवरून वजनदार गिरिराज घसरतात.

अंगणात आम्ही चिखलावर भाताचा पेंढा टाकतो. फुकट असतो, पटकन पसरता येतो. पेंढ्याबद्दल इथे कुणीच काही लिहिलं नाही.

गोठा_ते_खुराडं

मी पशुवैद्य आहे, आता निवृत्त. पेंढ्यापासून सुरू करतो. पेंढा वरून कोरडा दिसतो आणि आतून धरून ठेवतो ती ओल. आपल्या पावसाळ्यात तीन-चार दिवसांत त्याला आतून बुरशी येते. कोंबडी तो उकरते, बुरशीचे बीजाणू उडतात आणि फुप्फुसात जातात. ॲस्परजिलोसिस म्हणतात त्याला. पिल्लं तोंड उघडून श्वास घेतात, आवाज मात्र येत नाही. औषधोपचाराचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून भिजणाऱ्या जागेत पेंढा नको. अगदीच टाकला तर दोन दिवसांत काढून खताच्या खड्ड्यात घाला.

चुना. लोक खुराड्यात कोंबड्या असताना ओल्या गादीवर चुना भुरभुरतात आणि वास वाढला म्हणून गोंधळतात. वास वाढणारच. चुना गादी अल्कधर्मी करतो आणि तशा गादीतून अमोनिया अधिक जोराने सुटतो. विझवलेला चुना वापरायचा तो खुराडं रिकामं केल्यावर, खालच्या जमिनीवर, आणि त्यावर कोरडी गादी. किंवा पावसाळ्याआधी भिंतींना सफेदी म्हणून. चालू गादीवर उपाय एकच: ओला भाग काढणे, खालीवर करणे, हवा खेळती ठेवणे. परसदारांनी लिहिलंय तेच.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. चार ते सहा आठवड्यांची पिल्लं आणि ओली गादी एकत्र आली की रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, येण्याची दाट शक्यता असते. आजारी किंवा वरून निरोगी दिसणाऱ्या मोठ्या कोंबडीच्या विष्ठेतून त्या परजीवीची अंडी बाहेर पडतात. बाहेर पडल्या पडल्या ती रोग करत नाहीत. त्यांना पक्व व्हायला ओल, हवा आणि २५ ते ३० अंशांची ऊब लागते. ते मिळालं की एक-दोन दिवसांत तयार. म्हणजे पुण्याचा जुलै त्यांना अगदी मानवतो. कोरड्या गादीत ती पक्व होत नाहीत. गादी कोरडी ठेवणं हेच अर्धं औषध आहे असं मी पशुपालकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय.

लक्षणं: पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून एका कोपऱ्यात उभं राहतं, खाणं सोडतं, विष्ठा चॉकलेटी किंवा थेट रक्ताची. नवी_तलंग, तुमची पिल्लं बरोबर त्या वयाची आहेत. आज संध्याकाळी विष्ठा बघा.

नवी_तलंग

डॉक्टर, तुमचं वाचून लगेच टॉर्च घेऊन गेले. दोन पिल्लांच्या खाली लालसर आहे. त्यातलं एक आईच्या पंखाखालून बाहेरच येत नाहीये. बाकीची चार खातायत. रविवार आहे, दवाखाना बंद. काय करू?

गोठा_ते_खुराडं

घाबरू नका, वेळेत दिसलंय. सहाही पिल्लं आजारी आहेत असं धरून सगळ्यांना औषध द्यायचं, फक्त दोघांना नाही. पशुऔषधांच्या दुकानात रक्ती हगवणीवरची अँप्रोलियमची पावडर मिळते. पाकिटावरची मात्रा बघून पिण्याच्या पाण्यात, सलग पाच दिवस. दुसरं पाणी कुठेही उपलब्ध ठेवू नका, अगदी अंगणातल्या डबक्यातलंही. आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातून. जे बाहेर येत नाही त्याला ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब पाजा. द्रावण रोज ताजं करा.

एक नेहमीची गडबड टाळा. अशक्तपणा आला म्हणून लोक सोबत बी कॉम्प्लेक्स सुरू करतात. अँप्रोलियम त्या परजीवीला बी-१ मिळू देत नाही, म्हणूनच तो मरतो. तुम्ही वरून बी-१ दिलंत तर औषध निकामी. जीवनसत्त्वं पाच दिवस झाल्यानंतर द्या. रक्त जातंय म्हणून अ आणि के द्यायला हरकत नाही.

पिल्लांना आणि आईला आत्ताच वेगळ्या कोरड्या जागी हलवा. पुठ्ठ्याचं खोकं, डालगं, काहीही चालेल, खाली वर्तमानपत्र आणि ते दिवसातून दोनदा बदला. उद्या दवाखान्यात विष्ठेचा नमुना घेऊन जा. एखादं दगावलंच तर पुरू नका लगेच. औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तिथे शवविच्छेदन होतं. पिशवीत बांधून बर्फावर ठेवून न्यायचं, फ्रीझरमध्ये गोठवून नाही, आणि जितक्या लवकर जाल तितकं चांगलं. नेमकं कारण कळलं की बाकीच्यांवर अंदाजाने औषधं मारावी लागत नाहीत.

ओसरी

नवी_तलंग, पिल्लांचं कळवत राहा, काळजी वाटते.

दाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पावसाळ्यात खाद्याचं पोतं भिंतीला टेकवून ठेवलं की भिंतीची ओल पोत्यात जाते आणि मका गोळा होतो. हिरवट-पिवळट बुरशी दिसली तर ते खाद्य कोंबड्यांना नाहीच, धुऊन-वाळवूनही नाही. त्या बुरशीने केलेलं अफ्लाटॉक्सिन उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही. ते यकृत खराब करतं, अंडी कमी होतात, लस दिली तरी पुरेशी लागत नाही. मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, त्या हिशेबाने दोन-तीन आठवड्यांचंच आणा, स्वस्त मिळतंय म्हणून पोत्यांची थप्पी लावू नका. फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात.

पिंपाचा दुसरा फायदा उंदरांचा. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते, नाग येतो, आणि पावसात बिळांत पाणी शिरलं की कोरडं खुराडं त्यांनाही बरं वाटतं. संध्याकाळी अंडी काढायला कोनाड्यात हात घालण्याआधी बॅटरी मारायची. खालच्या दोन फुटांना साधी कोंबडीजाळी लावू नका, मुंगूस ती वाकवतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि खाली जमिनीत वीतभर पुरा. खुराडं साफ करताना पायात गमबूट घाला. उंदरांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो माणसांना, पायाला छोटी जखम असली तरी पुरते.

तुरेवाला

चांगली माहिती. मला अंड्यांबद्दल विचारायचंय. आखाडात जास्तीचे कोंबडे दिले, चांगला भाव आला. श्रावणात तसंही अंड्यांना गिऱ्हाईक कमी, पण यंदा अंडीच कमी झालीत. आभाळ भरलेलं असतं म्हणून का? आणि जी मिळतात ती चिखलाने माखलेली. धुऊन द्यावी का?

परसदार

तुरेवाला, अंड्याचं घड्याळ उजेडावर चालतं. भरात अंडी द्यायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. पुण्यात सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांचा, आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. त्यात पावसाळी आभाळ आणि गुंडाळलेलं खुराडं, म्हणजे आत दिवसाही संध्याकाळच. संध्याकाळी दोन-तीन तास छोटा एलईडी लावून फरक पडतो. मात्र वायर आणि सॉकेट पावसापासून पूर्ण बंदिस्त हवं. अंड्यांचा धंदा असलेल्यांनी लावावा. मी स्वतः लावत नाही. पिसं गाळून नवी यायच्या काळात त्यांना विश्रांती मिळावी असं मला मनापासून वाटतं, आणि गावरान कोंबडी तशीही आपल्या मनाने देते. पावसाळ्यात शिंपल्यांचा चुरा मात्र वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, कवच पातळ होत नाही.

माखलेली अंडी शक्यतो धुऊ नयेत. कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो, तो धुतल्यावर जातो आणि कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात. गार पाण्याने धुतलं तर आणखी वाईट, आतला भाग आकसून बाहेरची घाण ओढून घेतो. कोरड्या खरबरीत फडक्याने पुसा. फार माखलेली असतील ती धुऊन लगेच घरी वापरा, विकू नका. पण अंडी माखतात ती कोंबडीच्या पायांनी. खुराड्याच्या दारापासून अंड्याच्या खोक्यापर्यंत तिला चार-पाच पावलं कोरड्या तुसावरून चालायला लागेल अशी मांडणी करा, पाय आपोआप पुसले जातात.

चिंचेखाली

आमच्या कोंबड्या जुलैपासून अंग सारख्या टोचतात. पंखाखाली बारीक किडे दिसले. एरवी उन्हात मातीत लोळून त्या स्वतःच नीट राहतात. पावसात लोळणार कुठे?

मावळवारा

चुलीची राख आणि कोरडी माती अर्धी-अर्धी. मे महिन्यातच दोन पोती माती चाळून घरात ठेवून द्यायची. पत्र्याखाली जुना टायर ठेवून त्यात भरा. पहिल्याच दिवशी रांग लावतात. खुराड्यात बसायच्या दांड्यांच्या खाचा पण बघा, काही किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री चावतात.

पेंढ्याचं डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं. उद्यापासून छाटणीचा चुरा.

नवी_तलंग

सगळ्यांना कळवते. एक पिल्लू सोमवारी पहाटे गेलं. पाच आहेत. औषधाचे पाच दिवस पूर्ण झाले, विष्ठेत रक्त नाही, कालपासून दाण्यावर तुटून पडतायत. दवाखान्यात नमुना तपासून कॉक्सिडियाच निघाला. ताडपत्री वरून मोकळी केली, पाण्याचं भांडं टांगलं. वास गेला. आजी आज स्वतः दोन अंडी मागायला आल्या.

डॉक्टर, तुम्ही रविवारी रात्री उत्तर दिलंत, त्याचे आभार कसे मानू कळत नाही. आता लसींचं विचारायचंय. आमच्या पिल्लांना काहीच दिलेलं नाही. दुकानदार म्हणाला लासोटाची, म्हणजे राणीखेतच्या लसीची, कुपी शंभर पक्ष्यांची असते, एवढ्या थोड्या पिल्लांसाठी कशी घ्यायची?

गोठा_ते_खुराडं

पाच वाचली, छान झालं. घरी खुडुकीखाली निघालेल्या पिल्लांचं हेच होतं, लस राहून जाते. खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणाहून पिल्लं घेतली तर कुठली लस झालीय ते तिथेच विचारून घेता येतं.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर परसातली सगळी खुराडी एका आठवड्यात रिकामी होतात आणि तिला औषध नाही. लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस दोन आठवड्यांच्या सुमाराला, लासोटा परत चौथ्या आठवड्यात. सहा ते आठ आठवड्यांत देवीची, कारण पावसाळ्यात देवी डासांमार्फत पसरते आणि तुऱ्यावर, डोळ्यांवर फोड येतात. त्यानंतर आठ ते दहा आठवड्यांत राणीखेतची आर-टू-बी. तुमच्या पिल्लांचं वय पुढे गेलंय, तरी उशिरा दिलेली लासोटा न दिल्यापेक्षा पुष्कळ बरी. फक्त आजारातून उठलेल्यांना एक-दीड आठवडा सावरू द्या. लस नेहमी धडधाकट पक्ष्याला.

कुपी एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची, उरलेली ठेवता येत नाही. आणि दुकानापासून घरापर्यंत बर्फातच आली पाहिजे. म्हणून छोट्या लोकांनी मिळून करावं. सूस, भूगाव, पिरंगुट बाजूचे किती जण आहात? पुढच्या रविवारी सकाळी लवकर एकाच फेरीत घरोघरी जाऊन डोळ्यात थेंब टाकता येतील. एका खुराड्यातून दुसऱ्यात जाताना चपला बदलायच्या आणि हात धुवायचे. आधी सगळी निरोगी खुराडी, नवी_तलंगांचं शेवटी. तुमच्या पिल्लांनाही तोवर सावरायला वेळ मिळेल.

परसदार

पिरंगुट. पिल्लं आठ, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) सहा. मोठ्यांना फेब्रुवारीत झालीय. डॉक्टर, मोठ्यांनाही त्याच फेरीत परत दिली तर चालेल का?

गोठा_ते_खुराडं

चालेल, द्याच. परसात मोकळ्या फिरणाऱ्यांना दर दोन-तीन महिन्यांनी लासोटा दिलेली चांगली. मोठ्यांना पाण्यातून देऊ. आदल्या दिवशीपासून नळाचं क्लोरीनचं पाणी बंद, विहिरीचं किंवा उकळून गार केलेलं ठेवा. सकाळी दोन तास पाणी काढून घ्या म्हणजे तहानेने लगेच पितील.

नवी_तलंग

सूस. पिल्लं पाच, मोठ्या नऊ.

ओसरी

भूगाव, अकरा. बर्फ आणि थर्मासचा डबा मी आणते.